सर्कलवरची गाडी

मी त्या सर्कलवरून जात नाही. रिक्षावाल्याला आधीच सांगते, "भैया, उधर से नहीं, पीछे के रोड से लो." तो म्हणतो, "मॅडम, लंबा पडेगा." पडू दे लांब! त्या सर्कलवर निळ्या फरशीचा एक हौद आहे, हौदात कारंजं आहे आणि मधोमध, चाकं सिमेंटात गाडलेली, एक भलीमोठी लष्करी गाडी उभी आहे. संध्याकाळी तिच्यावर जांभळे दिवे लागतात. पोरंपोरी तिच्यापुढे तोंडं वेडीवाकडी करून फोटो काढतात. पोरांना मी काही म्हणत नाही, त्यांना काय माहीत? पण ज्यांना सगळं माहीत होतं त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

गाडी आमच्या बिल्डिंगमधल्या काकांची. काका जाऊन आता वर्ष झालं. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली तेव्हा सेक्रेटरी उभे राहून म्हणाले, "एक अत्यंत मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व आपल्यातून गेलं." मनमिळाऊ! मी मागच्या खुर्चीवर होते, मला ठसकाच लागला. अहो, ह्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाशी जुळवून घेतलं नाही. नमस्कार केला तर "बोला" म्हणायचे. दिवाळीचा फराळ दिला तर चकली हातात धरून वास घ्यायचे आणि "तेल जुनं आहे" म्हणायचे. आणि हेच सेक्रेटरी त्यांना नोटिसांवर नोटिसा पाठवत होते, ते मी विसरलेले नाही. मेल्यावर माणूस गोड करून टाकायची आपल्याकडे भारी घाई असते. मला त्यांना गोड करायचं नाही. ते जसे होते तसेच मला पुरे आहेत.

आम्ही गिरगावातून इथे भाईंदरला, जेसल पार्कला राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांची माझी पहिली भेट झाली. खोक्यांमधून भांडी काढत होते, दार उघडंच होतं. एक उंच, वाळकुडा, खाकी हाफ पँटीतला माणूस दारात येऊन म्हणाला, "अहो बाई, तुमचा नळ गळतोय."

"कुठे?"

"स्वयंपाकघरात. वर ऐकू येतोय."

आणि तो सरळ आत आला! हातात पाना होताच. ओट्यापाशी जाऊन नळ खोलला, खिशातून वायसर काढून बसवला, नळ घट्ट केला, माझ्याच टॉवेलला हात पुसले आणि गेला. ना नाव विचारलं, ना सांगितलं. आमचे हे ऑफिसातून आल्यावर मी त्यांना म्हटलं, "इथे वेडी माणसं राहतात, आपण फसलो."

मग कळलं की मुंबईत पाणी खात्यात त्यांची उभी नोकरी गळती शोधण्यात गेली होती. लोखंडी कांबेचं एक टोक रस्त्याला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, आणि खाली पाइप कुठे फुटलाय ते ऐकायचं. नोकरीत जे करायचे तेच घरीदारी करायचे. नळ ठिबकत असेल त्या घरात ते चहा घ्यायचे नाहीत. लग्नाला गेले की वधूवरांना भेटायच्या आधी हॉलच्या मागे जाऊन आचाऱ्याचा नळ बंद करून यायचे. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा तर कमाल झाली. आम्ही सगळे तिथे जमलेलो, बायका रडतायत, आणि हे त्यांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तुमच्या टाकीचा बॉलकॉक गेलाय." मुलगा रडता रडता थांबला. मला तेव्हा इतका संताप आला होता म्हणून सांगू! आता हसू येतं, पण तेव्हा संतापच आला होता.

गाडी आणली ती रिटायर झाल्यावर. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीला लागून खारी गावातल्या एका शेतकऱ्याचा रिकामा प्लॉट होता. एका दुपारी मोठ्या ट्रेलरवरून ते धूड तिथे उतरलं. वरून ट्रक, खालून होडी, सहा चाकं आणि मागे बोटीला असतो तसा पंखा. गंज इतका की हात लावला की पापुद्रे गळत होते. अख्खी बिल्डिंग गॅलरीत. वॉचमनने सलाम ठोकला. सेक्रेटरी खाली धावले, "अंकल, ये टँक इधर नहीं चलेगा!"

"टँक नाही," काका म्हणाले. "दुसऱ्या महायुद्धातली गाडी आहे. रस्त्यावर ट्रक, पाण्यात बोट. समुद्रातून येते ती न थांबता किनाऱ्यावर चढते. आणि प्लॉट सोसायटीचा नाही."

माझी खिडकी नेमकी त्या प्लॉटवर उघडते. मी खिडकीतूनच विचारलं, "चालते का ती?"

"चालत असती तर भंगारात कशाला मिळाली असती?"

"मग आणलीत कशाला?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "पाण्यात जाणारी वस्तू अशी कोरडी उभी आहे, बाई. बरं दिसत नाही ते."

बस, एवढंच कारण. पुढे इतकी वर्षं मी त्यांना परोपरीने विचारलं, चिडून विचारलं, लाडीगोडी लावून विचारलं, पण दुसरं कारण काही निघालं नाही. एकदा तिला पाण्यात घालायची, फिरवायची, वर काढायची. त्यापुढे त्यांना काही नको होतं.

आणि मग आमच्या रविवारांची वाट लागली. दुपारी जरा आडवं व्हावं तर खर्र खर्र खर्र. गंज खरवडणं चालू. मग घण, मग ग्राइंडर, मग लाल प्रायमरचा तो डोकं उठवणारा वास. मी खिडकीत उभी राहून भांडले आहे त्यांच्याशी, अगदी तावातावाने. ते वर बघायचेही नाहीत. "दोन ते चार बंद ठेवतो" एवढं एकदा म्हणाले आणि खरोखर दोन ते चार बंद ठेवायला लागले. चाराच्या ठोक्याला पुन्हा खर्र.

इंजिनाचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. एका जुन्या ट्रक मेकॅनिककडून ते त्यांनी करून घेतलं. ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा काळ्या धुराने माझ्या वाळत घातलेल्या चादरी बरबाद झाल्या, आणि हे म्हणतात, "इंजिन काय, कोणीही दुरुस्त करतं." त्यांचा जीव होता खालच्या पत्र्यात. गाडीच्या पोटाचा तो पत्रा चाळणीसारखा झाला होता. कुजलेला भाग कापायचा, नवीन पत्रा त्याच बाकाने वाकवून बसवायचा, जोड घासायचा, डोळे मिटून त्यावरून हात फिरवायचा, आणि हाताला काही लागलं की पुन्हा पहिल्यापासून. बघून बघून माझं डोकं फिरायचं. मी म्हणायचे, "काका, कोणाला दिसणार आहे खालून?" ते म्हणायचे, "पाण्याला दिसतं."

काकू मात्र गोड बाई. कशा टिकल्या देव जाणे. एका वर्षी काकूंनी लक्षवातीचं व्रत घेतलं होतं. चातुर्मासभर दुपारी कापूस घेऊन बसायच्या आणि वाती वळायच्या, डब्यावर डबे भरले होते. समाप्तीच्या आदल्या दिवशी डबे उघडतात तर निम्मे रिकामे! पंख्याचा दांडा जिथून गाडीच्या पोटातून बाहेर येतो, तिथल्या फटीतून पाणी आत येऊ नये म्हणून ग्रीसमध्ये भिजवलेली सुताची दोरी ठासून भरावी लागते. काकांनी बाजारच्या चार दोऱ्या वापरून बघितल्या, पसंत पडल्या नाहीत. घरात हाताने वळलेला कापूस मिळत असताना बाहेर कशाला जा? काकूंच्या देवाच्या वाती वळून, ग्रीसमध्ये बुडवून, हा माणूस दांड्याला गुंडाळून मोकळा!

काकू माझ्याकडे येऊन रडल्या. मी तरातरा खाली गेले. "काका, लाज वाटते का? देवाचं होतं ते!"

"बाई, हिच्यासारखा एकसारखा पीळ कंपनीतसुद्धा कोणी देत नाही," ते म्हणाले. काकू माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी डोळे पुसले, म्हणाल्या, "असं घरात कधी बोलला असतात तर मी वेगळ्या वळून दिल्या नसत्या का?" व्रताची समाप्ती महिनाभर पुढे गेली. आणि पुढे दरवर्षी काकू दोन डबे वाती वळायच्या, एक देवाचा आणि एक गाडीचा. मला ते बघून राग यावा की काय करावं, कळायचं नाही.

मग ते टँकरचं प्रकरण. होडी गळते का बघायचं तर ती पाण्यात घालतात, असं माझ्यासारखीला वाटतं. काकांची रीत उलटी. गाडीच आतून पाण्याने भरायची आणि बाहेरून कुठे घाम येतो ते बघायचं. आता भाईंदरला पाण्याची काय रड आहे ती इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. पाणी येण्याची वेळ बायका घड्याळ लावून सांभाळतात. अशात ह्यांनी एक टँकर मागवला आणि आमच्या डोळ्यांदेखत तो एका गंजक्या गाडीत ओतला! काय आरडाओरडा झाला! सेक्रेटरी तर थरथरत होते, "अंकल पागल हो गये हैं, कोई डॉक्टर को बुलाओ." मीही खूप बोलले. काका ओणवे होऊन गाडीखाली शिरले आणि जोडाजोडावर खडूने खुणा करत राहिले. दोन तास. बाहेर येऊन म्हणाले, "झालं माझं. पाणी कोणाला हवंय?"

आणि हो, जे ओरडत होते तेच बादल्या, टब, पिंपं घेऊन धावले. सेक्रेटरींच्या घरचे सगळ्यात पुढे. संडासाला होईल, झाडांना होईल. गाडी रिकामी करून दिली लोकांनी. आणि दुसऱ्या दिवशी काकांच्या नावाने सोसायटीची नोटीस: पाण्याचा अपव्यय. असा राग आला मला! त्या दिवसापासून मी काकांच्या बाजूची झाले.

ह्या सगळ्यात त्यांची नजर कमी होत चालली होती. काचबिंदू. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही धूसर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की उरलीय तेवढी सांभाळा, परत येणार नाही. काका घरी येऊन म्हणाले, "म्हणजे घाई करायला हवी." ह्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा घाई हा शब्द उच्चारला असेल.

पाण्यात घालायची जागा ठरली चौक गावची. उत्तनच्या पुढे, समुद्रावर. तिथला इनास, बोटी दुरुस्त करणारा, काकांचा एकुलता एक मित्र म्हणावा असा माणूस. तो येऊन गाडीखाली झोपला, सगळीकडून हात फिरवला, बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टाची वाट लागली होती. म्हणाला, "काका, ही होडीच हाय. चाकं हायत म्हनून काय झालं? पानी आत येनार न्हाय, माझा शब्द." हंगाम सुरू व्हायच्या आधी त्यांच्याकडे फादर बोटींना आशीर्वाद देतात. इनासने फादरना विचारलं सुद्धा. फादर म्हणे हसले आणि म्हणाले, होडीवर पाणी मी शिंपडतो, चाकांचं त्यांच्या गणपतीला सांगा.

सगळं तयार होतं. गाडी चालत होती, पत्रा कोरडा होता, डोळ्यांत अजून थोडा उजेड होता. त्या दिवशीच न्यायची होती हो! इनास म्हणत होता, "भरतीला घेऊन या. आमी बोटी ओढतो तिथून उतरवू, फेरी मारू, परत. कोन इचारतंय?"

आणि काका म्हणाले, "परवानगी काढतो."

मी कपाळाला हात लावला. इनासने खूप समजावलं. पण काका म्हणजे भिंत. "लोक चोरून कनेक्शन घ्यायचे ते मी पकडायचो. आणि मी चोरून पाण्यात जाऊ?"

"समुद्र काय नळ हाय काय, काका!" इनास ओरडला. मीही ओरडले. उपयोग नाही.

मग सुरू झाल्या खेपा. एका ऑफिसात म्हणाले, ह्याला पंखा आहे, ही बोट, आमच्याकडे नाही. दुसऱ्या ऑफिसात म्हणाले, ह्याला चाकं आहेत, हे वाहन, आमच्याकडे नाही. तिसरीकडे विचारलं, ही नक्की काय आहे ते आधी कोणाकडून तरी लिहून आणा. चौथीकडे एक पोरगेला साहेब मोबाइलवरून मान न काढता म्हणाला, "आजोबा, ह्या वयात नातवंडं खेळवायची." काका प्रत्येक वेळी धुतलेला शर्ट घालून जायचे. दिसत नसल्यामुळे बऱ्याचदा मीच रजा टाकून सोबत गेले आहे, त्या बाकड्यांवर बसले आहे. आपल्याकडे अनधिकृत मजले चढतात, खारफुटीवर भराव पडतो, तेव्हा कोणी विचारत नाही की हे नक्की काय आहे ते लिहून आणा. एका म्हाताऱ्याला पंधरा मिनिटं समुद्रात जायचं तर सगळ्यांना कायदा आठवला. वर्ष गेलं त्यात. वर्ष! आणि त्या वर्षात डोळ्यांतला उरलासुरला उजेडही गेला.

तेवढ्यात मागचा प्लॉट बिल्डरकडे गेला. टॉवर होणार. महिन्यात गाडी हलवा, नाहीतर भंगारवाला येईल. काकांनी सगळीकडे जागा शोधली. इनासच्या अंगणात ती मावेना. आणि त्याच दिवसांत आमचे नेते काकांच्या घरी आले. नाव घेत नाही, इथे सगळे त्यांना भाऊ म्हणतात. पांढरे कपडे, मागे चार पोरं, तोंडात साखर. त्यांच्या मंडळाने सर्कल सुशोभीकरणासाठी घेतलं होतं आणि त्यावर ठेवायला काहीतरी हवं होतं.

"काका, महिना-दोन महिने तुमची गाडी सर्कलवर मांडू. लोक बघतील, पेपरवाले येतील. मग परवानगी कोण अडवतो ते मी बघतो. गाडी पाण्यात मी उतरवतो. शब्द दिला."

काका म्हणाले, "रंग लावा, झेंडे लावा, काय हवं ते करा. खालच्या पत्र्याला हात लावायचा नाही."

"शब्द दिला काका."

मी तिथे होते. माझ्या हातचा चहा पिऊन त्यांनी दोनदा शब्द दिला.

क्रेन आली, गाडी गेली. आम्हाला उद्घाटनाच्या दिवसापर्यंत तिकडे फिरकू दिलं नाही, काम चालू आहे म्हणाले. उद्घाटनाला ढोल-ताशा, स्टेज, फुगे. काकांना मी दंडाला धरून नेलं, काकू नवीन साडी नेसल्या होत्या. गाडीला चकचकीत हिरवा रंग, वर मशीनगन म्हणून प्लॅस्टिकचा पाइप. हौदात गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी आणि चाकं सिमेंटात. चाकांचं मी काकांना सांगितलं नाही. स्टेजवर न जाता ते म्हणाले, "आधी गाडीपाशी न्या." बुटांसकट हौदात उतरले, वाकले आणि गाडीच्या पोटावरून हात फिरवायला लागले.

हात एका जागी थांबला. पुढे सरकला, पुन्हा थांबला.

"बाई, इथे काय आहे, बघा."

मी पाण्यात उतरून वाकून पाहिलं. गोल, स्वच्छ भोक होतं. रुपयाएवढं, ड्रिलने पाडलेलं. त्याच्या पुढे आणखी एक. पोटभर ओळीने भोकं! ठेकेदाराचा माणूस शेजारीच उभा होता, आनंदाने म्हणाला, "वो होल हमने मारे, अंकल. बारिश का पानी जमा होता है अंदर, मच्छर होता है. डेंगू." त्याला वाटलं आम्ही शाबासकी देणार आहोत. त्याचं तरी काय चुकलं? त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ज्यांनी शब्द दिला होता ते स्टेजवर हार घालून घेत होते.

काकांनी एकेक भोक बोटाने मोजलं. त्यांना स्टेजवर नेलं. भाऊ माइकवर म्हणाले, "काकांची इच्छा होती गाडी पाण्यात बघायची. घ्या काका, आहे की नाही पाण्यात?" आणि हौदाकडे हात केला. लोक हसले. टाळ्या पडल्या. शाल आली, नारळ आला, आणि "दोन शब्द बोला" म्हणून माइक काकांच्या हातात दिला.

काका म्हणाले, "खालच्या पत्र्याला भोकं पाडली आहेत. ती आधी बुजवा. शाल मग."

सूत्रसंचालक पोरीने पटकन माइक काढून घेतला आणि म्हणाली, "काका जरा भावुक झाले आहेत!" भावुक! मी खालून ओरडले, "भावुक नाही, ते खरं बोलतायत!" पण ढोल सुरू झाला होता. माझं कोणाला ऐकू जाणार?

त्यानंतर काका रोज मंडळाच्या ऑफिसात जाऊ लागले. काकू नाहीतर मी सोबत. भोकं बुजवा, नाहीतर गाडी परत द्या. कधी भाऊ मीटिंगमध्ये, कधी गावाला. शेवटी एकाने सांगून टाकलं, "काका, ती आता पब्लिकची आहे." म्हणे!

तेव्हा काका त्याला म्हणाले, "ठीक आहे. उद्या सकाळी दहाला मी येऊन बुजवतो. तुम्हाला सांगून ठेवतोय." मी बाहेर येऊन त्यांना म्हटलं, "सांगायचं कशाला पण?" तर म्हणाले, "न सांगता करणारे वेगळे."

दुसऱ्या दिवशी इनास लाकडाच्या खुंट्या तासून घेऊन आला, होडीच्या भोकाला मारतात तशा, कापडात गुंडाळून डामरात बुडवलेल्या. काका पँट दुमडून हौदात उतरले. इनासला म्हणाले, "तू फक्त हातात दे." बोटाने भोक शोधायचं, खुंटी लावायची, हातोडी मारायची. आंधळ्या माणसाने भर रहदारीत, सकाळी दहा वाजता. लोक थांबून बघत होते, मोबाइल काढत होते. शेवटची खुंटी बसली आणि पोलिसांची गाडी आली. मंडळाने तक्रार केली होती. सार्वजनिक मालमत्तेची नासधूस!

मी तेव्हा ऑफिसात होते, हे सगळं नंतर इनासकडून कळलं; काकूंचा फोन आला तशी निघाले. पोलीस ठाण्यात काका बाकावर बसलेले, पँट गुडघ्यापर्यंत ओली, हात काळे. इनास बाहेर कोणाशीतरी भांडत होता. साहेब भला माणूस होता, त्याने काकांना चहा दिला होता. मंडळाचा एक पोरगा पायावर पाय टाकून खुर्चीत बसला होता. त्याला मी आधी पाय खाली घ्यायला लावले.

"गुन्हा वगैरे काही नको," साहेब मला म्हणाले. "आजोबांनी एवढं लिहून द्यावं की परत हात लावणार नाही. मग मी त्यांना घरी सोडतो, आणि मंडळही तो विषय सोडेल. नाहीतर मला पुढे जावं लागेल. आजोबा, खरं सांगा, कशासाठी हे? ती गाडी आता कुठे जाणार आहे पाण्यात?"

"जाणार नाही, ते मलाही कळतं," काका म्हणाले. "पण जाऊ शकणार नाही अशी मी ती केली नव्हती."

साहेबांनी कागद पुढे सरकवला. काका मला म्हणाले, "बाई, काय लिहिलंय वाचा."

मी वाचलं, "मी यापुढे सर्कलवरील शोभेच्या वस्तूस हात लावणार नाही."

"कसली वस्तू?"

"शोभेची."

"खोडा ते."

"आजोबा," साहेब म्हणाले, "एका शब्दाने काय फरक पडतो? सही करा आणि घरी जा, काकू वाट बघत असतील."

"फरक पडत नसेल तर खोडायला काय जातंय तुमचं?"

मंडळाचा पोरगा हसला. "क्या लिखें फिर, काका? जहाज?"

काकांनी त्याच्याकडे मान वळवली. दिसत तर काहीच नव्हतं. "रस्त्यावर आणि पाण्यात चालणारी गाडी," ते म्हणाले. "चालू स्थितीत."

"चालू स्थितीत कसं लिहिणार?" साहेब म्हणाले. "चाकं सिमेंटात आहेत."

"सिमेंट ह्यांनी टाकलंय. गाडी चालू आहे. पत्राही सकाळपासून कोरडा आहे. जाऊन बघा."

आणि ते बाकाला पाठ टेकून बसले. दुपार झाली. काकू डबा घेऊन आल्या. काकांनी तिथेच बाकावर पोळीभाजी खाल्ली, इनासला अर्धी दिली. मंडळाच्या पोराने चारदा फोन केला आणि कंटाळून निघून गेला. मी साहेबांना म्हटलं, "सोडा साहेब, हा माणूस हलायचा नाही, माझ्यावर विश्वास ठेवा." संध्याकाळी साहेबांनी तो कागद फाडला, नवीन कागद घेतला आणि काकांनी सांगितलं तसंच स्वतःच्या हाताने लिहिलं. मोठ्याने वाचून दाखवलं. काका म्हणाले, "परत वाचा." त्यांनी परत वाचला.

"कुठे करायची सही?" काकांनी मला विचारलं.

मी त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं. डामराचा डाग पडला, साहेब म्हणाले असू दे. काकांनी सही केली, आणि त्या दिवसापासून जाईपर्यंत त्यांनी त्या गाडीला हात लावला नाही. मी दोनदा म्हटलं, "चला काका, कोणी बघत नाही, नुसता हात फिरवून येऊ." आले नाहीत. लिहून दिलंय म्हणाले. दिलेला शब्द पाळायचा असतो असं ह्या अख्ख्या प्रकरणात एकट्या त्यांनाच वाटत होतं.